पाकिटावरचा पापुद्रा

पुणे, १९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण तब्येत ठीक आहे. फोन का केला नाही, तर तुम्हाला फोन लावला की तिसऱ्या मिनिटाला मामी तो काढून घेते आणि दौंडच्या स्थळाचं सुरू करते. भारतदादा रोज तुमच्या कंपनीची बस घेऊन वाघोलीहून रांजणगावला जातोच. त्याच्याच हाती हे पत्र देतेय, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

माझं काम काय आहे हे तुम्ही पाच वर्षांत पाच वेळा विचारलंत आणि मी पाचही वेळा 'फिजिक्स' म्हणून सुटले. आता अडले, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडे बिस्मथ आणि सेलेनियमचा एक काळा चकचकीत खडा असतो. वहीसारखा, पानावर पान. त्याची खोड अशी की आतून वीज न्यायला तो कुरकुरतो, पण वरच्या पृष्ठभागावरून मजेत नेतो. त्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा काढायचा, चिपवर ठेवायचा आणि दोन बाजूंनी निओबियम नावाच्या धातूच्या पट्ट्या चढवायच्या. मग ते सगळं एका मोठ्या फ्रिजमध्ये इतकं गार करायचं की त्यापुढे काश्मीरला उन्हाळा म्हणावं. त्या गारठ्यात निओबियममधून वीज बिनअडथळा जाते, आणि पापुद्रा चांगला असेल तर त्याच्यातूनही तशीच पलीकडे पोचते. याला जंक्शन म्हणतात. दौंड जंक्शनचा विनोद करू नका, लॅबमधल्या सगळ्यांचा करून झालाय.

आता रडगाणं. मोठ्या फ्रिजचा माझा नंबर १० मार्चला आहे. त्यानंतरचा थेट सप्टेंबरात, आणि माझी मुदत संपते जुलैत. १० मार्चला एक तरी चांगलं जंक्शन आत गेलं नाही तर पाच वर्षांचा प्रबंध 'हे का जमलं नाही' एवढ्यावर आटपावा लागेल. त्यात परवा वैतागून मामीला शब्द देऊन बसले, की मार्चपर्यंत लग्नाचं नाव काढू नकोस, तोवर माझं जमलं नाही तर दौंडचं स्थळ बघायला मुकाट येईन.

आणि हा पापुद्रा कशानं काढतात माहीत आहे? चिकटपट्टीनं! भल्या भल्या लॅबमध्ये असाच काढतात. खडा पट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, परत दुमडायची. माझा दरवेळी चुरा होतो. तुम्ही बावीस वर्षं पॅकिंग लायनीवर आहात. माझं काय चुकतंय?

तुमची,
गौतमी


शिरूर, २२ जानेवारी

चि. गौतमीस,
बन्सीमामाचा जय भीम.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. वीज कशी जाती ते कळलं न्हाई, पण चिकटपट्टीचं कळलं, आन् खरं सांगू का, मला हसूच आलं. अगं, एवढी शिकली सवरलेली मानसं, आन् टेप ओढाया येत न्हाई?

तू झटका देत असशील. नवी मानसं समदी तेच करत्यात. टेप वर उचलायचा नस्तो. मागं दुमडायचा, पार त्याच्याच अंगावरनं, आन् सावकाश न्यायचा. इतका सावकाश की बघणाऱ्याला जांभई आली पायजे. दाबताना मधनं कडंला दाबायचं, म्हंजी हवा राहत न्हाई. आन् थंडीत टेप रुसतो. सकाळच्या शिफ्टला आम्ही बंडल आधी मशिनच्या गरम पत्र्यावर ठिवतो, मग तो ऐकतो. तुमच्याकडं गरम पत्रा आसंल की.

नुसतं सांगून भागंना म्हणून मी सोता करून बघितलं. खडा कुठला आणू? मग आठवलं, जुन्या इस्त्रीत अभ्रक आस्तं, ते पण पानापानाचंच. घरची इस्त्री उघडली. लय झ्याक पापुद्रे निघाले, एक तर इतका पातळ की फुकलं आन् गेला. मामीनं इचारलं इस्त्रीला काय झालं. म्हटलं, संशोधन. तवापास्नं ती माझ्याशी बोलत न्हाई, त्यामुळं घरात निवांत हाय.

तुझा,
बन्सीमामा


पुणे, ३० जानेवारी

प्रिय मामा,
जय भीम.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. पट्टी गरम केली, मागे दुमडली, सावकाश नेली. शेजारच्या टेबलावरच्याला खरोखर जांभई आली. आणि चुरा थांबला! पापुद्रे अजून जाडच निघतायत, पण अख्खे निघतायत. हात तुमचा तो तुमचाच.

मॅडमना सगळं सांगितलं. माझ्या गाईड, एरवी वर्षातून दोनदा हसतात, त्या खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उरलेला एक तुकडा दे पाठवून त्यांना, बघू तरी." म्हणून या डबीत तांदळाच्या दाण्याएवढा खडा आणि आमच्या निळ्या पट्टीचं बंडल पाठवतेय. हातमोजे घाला, काम झालं की हात साबणानं धुवा, आणि डबी जेवणाच्या डब्याशेजारी ठेवू नका. हा खडा खायचा नसतो, हे मामीलाही सांगा. बोलत नसली तरी सांगा.

पापुद्रे पट्टीवरच राहू देत. पट्टी तशीच पाठवा, पुढचं मी करते.

गौतमी

ता. क. : मामीला नवी इस्त्री घेऊन द्या.


शिरूर, ८ फेब्रुवारी

चि. गौतमीस जय भीम.

सोबत पट्टी नंबर एक पाठवतोय, डबीत हाय, वाकवू नको. खड्याचा आर्धाच भाग वापरलाय. ऱ्हायलेल्या आर्ध्याची पट्टी नंबर दोन सावकाशीनं करनार, घाई केली की हात बिघडतो.

इकडं एक भानगड झालीय. अभ्रकाचं लायनीवर कळलं. आता चहाच्या सुट्टीत कुणी चहा पीत न्हाई. समद्यांनी आपापल्या घरच्या इस्त्र्या आणल्यात. कुणाचा पापुद्रा पातळ याची शर्यत लागती. पापुद्र्याखाली पेपर धरायचा आन् बारीक अक्षर वाचायचं, स्पष्ट दिसलं तो जिंकला. यूपीचे मिश्राजी दोनदा जिंकले, मला म्हणले, "बन्सीभाई, हाथ में जान चाहिए." मला लय लागलं ते. तिसऱ्या दिवशी मी आसा काढला की खालचा राशीभविष्याचा कॉलम सुपरवायझर दत्ताभाऊनं मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या राशीला लिहिलं हुतं, घरात वाद टाळा.

आख्खी शिफ्ट बिनइस्त्रीच्या शर्टात येती. म्यानेजरनी इचारलं पन, ही काय नवीन फ्याशन.

मामी बोलाया लागली. पैला शब्द, "नवी इस्त्री." दुसरा, "दौंड."

बन्सीमामा


पुणे, २० फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

पट्टी नंबर एक मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मी किंचाळले. इतका सपाट, इतका पातळ, इतका मोठा पापुद्रा आमच्या लॅबमध्ये गेल्या तीन वर्षांत निघालेला नाही. मॅडम आल्या, पाच मिनिटं डोळा लावून बसल्या. मग विचारलं, "हे कंपनीत काय पॅक करतात?" म्हटलं, मिक्सर.

पत्र मी इथेच थांबवलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्या पापुद्र्याचं जंक्शन केलं. आठ दिवस खपले. काल शेवटची तार जोडली, आणि मी मूर्खासारखी नायलॉनची ओढणी घेऊन आले होते. या कोरड्या हवेत ओढणी खुर्चीला घासली, हात चिपला लागला, चट् झालं. एवढीशी ठिणगी. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पापुद्र्याच्या जागी काळा डाग. स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले. ओढणी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

लॅबमधला बाकीचा खडा माझ्या चुऱ्यातच संपला, नवा वाढवायला तीन महिने लागतात. आता सगळी भिस्त पट्टी नंबर दोनवर आहे. मामा, झाली का ती? भारतदादाकडे द्या, लगेच. आज द्या.

गौतमी


शिरूर, २२ फेब्रुवारी

चि. गौतमी,

बसून वाच. पट्टी नंबर दोन झाली हुती. नंबर एकपेक्षा लय भारी. मी ती टीव्हीच्या वर ठिवली हुती, वाळायला न्हवं, कौतुकाला. येताजाता बघायचो. सोमवारपास्नं ती तिथं न्हाई.

टीव्ही उचलला. कपाट सरकवलं. झाडू मारलेला कचरा ओंजळीत घेऊन बघितला. मामीला इचारलं तर ती म्हणली, "कसली पट्टी?" पर म्हणताना तिनं पदर नीट केला, आन् जवा तिला काय लपवायचं आस्तं तवा ती पदर नीट करती. बावीस वर्षं टेपकडं बघतोय, तीस वर्षं तिच्याकडं.

मला जेवण जात न्हाई.

मामा


शिरूर, २३ फेब्रुवारी

गौतमी,

मी तुझी मामी. ह्यांनी लिहाया बसवलंय, म्हणत्यात तूच सांग.

तर झालं आसं. सोमवारी तुझा बायोडाटा दौंडला धाडायचा हुता. चकचकीत पाकीट आणलं, त्याला गोंदच लागंना. टीव्हीवर निळी पट्टी पडलेली दिसली. तिच्यावर मधी काळा डाग, मला वाटलं मळलीय, चांगली पट्टी कोण टीव्हीवर टाकतंय? लावली पाकिटाला. आन् झ्याक बसली, तेवढी ह्यांची हुशारी खरी. दौंडला पोराच्या आईकडं, ताईबाईंकडं, पाकीट त्याच दिवशी हातोहात पोचलं.

आता हे म्हणत्यात पाकीट परत मागव. मी म्हटलं, तसलं काय बोलू नगा! दिलेला बायोडाटा परत मागितला की स्थळ मोडलं आसा अर्थ व्हतो. पोराकडची मानसं काय म्हणतील? मी मागणार न्हाई आन् ह्यांना मागू देणार न्हाई. पोरगं चांगलं हाय, नवनाथ नाव, रेल्वेत हाय. तूच जा आन् बघून ये.

तुझी मामी

ता. क. : नवी इस्त्री आली. तुझ्या मामाला तिच्याजवळ जाऊ देत न्हाई.


पुणे, २४ फेब्रुवारी

मामी,

बायोडाटा नको. फक्त पट्टी मागते. पत्ता पाठव.

आणि पाकीट अजून कुणी उघडलं नाही ना, एवढं एक विचार. कसं विचारशील ते तू बघ.

गौतमी


पुणे, २८ फेब्रुवारी

प्रिय मामा आणि मामी (दोघांनी एकत्र वाचा, भांडू नका),
जय भीम.

काल दौंडला जाऊन आले. मामीचा निरोप खरा होता, पाकीट उघडलेलंच नव्हतं. नवनाथची आत्या खुटबावला असते, ती येत्या रविवारी यायची, आणि ती आल्याशिवाय त्यांच्यात बायोडाटा उघडत नाहीत म्हणे. त्या आत्याला मी न बघता नमस्कार केला.

दारात ताईबाई. मी म्हटलं, "मी गौतमी, शिरूरच्या बन्सीमामांची भाची." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलाकडचे मुलगी बघायला जातात, इथे मुलगीच एकटी, पाठीला सॅक लावून दारात. पण माणसं चांगली. दहा मिनिटांत आळीतल्या सहा बायका, दोन आजोबा आणि पोह्यांच्या बश्या हजर.

म्हटलं, "पाकीट बघू का?" त्यांना वाटलं, मुलीला आपलाच बायोडाटा तपासायचाय. दिलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली जपून ठेवलं होतं. पट्टी जशीच्या तशी! मी सॅकमधून हातमोजे काढले, चिमटा काढला, भिंग काढलं. सगळे पुढे सरकून बसले.

मामा, तुमची विद्या आठवत बसले. पट्टी गार होती, तिथे गरम पत्रा कुठला? ताईबाईंना म्हटलं, चहा द्या. त्यांना बरं वाटलं, पोरगी अखेर चहा मागतेय. मी तो गरम कप पाकिटाच्या आत, पट्टीच्या बरोबर खाली सरकवला. बाजू आधी ब्लेडनं कापली होती. एका आजीनं "अगं बाई" म्हटलं. गोंद सैल झाला, आणि मी पट्टी मागे दुमडून न्यायला लागले. चाळीस मिनिटं! पोहे गार झाले. कुणी शिंकलं नाही. एक आजोबा तेवढे झोपले, म्हणजे वेग बरोबर होता.

उजेड कमी पडत होता, म्हटलं कुणीतरी बॅटरी धरा. कुणीतरी धरली. अजिबात हलवली नाही.

पट्टी सुटली, डबीत ठेवली, "येते" म्हणून सगळ्यांना जय भीम घातला आणि पावणेपाचची गाडी पकडली. लोणीजवळ आल्यावर लक्षात आलं की बॅटरी धरणारा नवनाथ असावा. तोंड आठवत नाही. हात चांगला स्थिर होता.

मामी, कापलेल्या पाकिटातून बायोडाटा बाहेर पडला तेव्हा माझीही नजर गेली. "स्वयंपाक : उत्तम" हे कुणाबद्दल आहे?

पापुद्रा शाबूत आहे. काम सुरू केलंय. सुती कपडे घालते.

गौतमी


शिरूर, ५ मार्च

चि. गौतमीस जय भीम.

दौंडहून निरोप आला. नकार.

ताईबाई फोनवर म्हणल्या, "पोरगी गुणाची हाय, कामाला वाघीण हाय, पर आमच्या पोराकडं एकदा पन बघितलं न्हाई. टेप घिऊन गेली, बायोडाटा तिथंच टाकून." पोरगं मागनं वरडत हुतं, "पुन्यांदा बॅटरी धरायची आसंल तर कवापन बोलवा म्हणावं, लग्नाचं तेवढं नको." मला तर पोरगं आवडलं.

मामी दोन दिवस पडून हाय. मी तिला म्हटलं, अगं, जगात आसं पहिल्यांदाच झालं आसंल, की टेपला होकार आन् पोरीला नकार. तिनं उशी फेकून मारली. म्हंजी बरी हाय.

पर एक ध्यानात ठेव, तिला दिलेला शब्द आजून उभा हाय. दहा तारखेला तुझं न्हाई जमलं तर राहू गावाला एक दुसरं स्थळ तिनं बघूनच ठिवलंय, मळेवाले हायेत. म्हणून सांगतो, नीट कर.

आता मला झोप लागत न्हाई. लायनीवर समदी इचारत्यात, कवा कळनार? मिश्राजींनी तर घड्याळच लावलंय. पापुद्रा मी काढला, तो जर फाटका निघाला तर तुझी पाच वर्षं गेली ती माझ्या हातानं. बावीस वर्षांत एवढी भीती वाटली न्हाई.

बन्सीमामा


पुणे, १३ मार्च

मामा,

झालं!

दहाला चिप आत गेली, दोन दिवस गार होत होती. काल दुपारी वीज सोडली. मीटरवर शून्य. थोडी वाढवली, शून्य. आणखी वाढवली, शून्य. वाटलं कुठेतरी ताराच एकमेकींना चिकटल्या. मग फ्रिज थोडा गरम केला, तर शून्य गेलं. परत गार केला, परत आलं. वीज फार वाढवली की एका ठरावीक जागी काटा टुणकन उडतो, तोही जिथे उडायला हवा तिथेच. मॅडमनी स्वतः चार वेळा करून बघितलं.

नीट समजून घ्या. वीज पापुद्र्यातून पलीकडे जातेय, आणि तिला अडवणारं काहीही नाही, म्हणून अडथळा मोजणाऱ्या मीटरवर शून्य. पाच वर्षं मी या शून्यासाठी मरत होते. प्रबंध जुलैत नक्की देणार.

मॅडमनी विचारलंय, तुम्ही एक दिवस रजा टाकून लॅबमध्ये याल का? आमच्या नव्या मुलांना टेप ओढायला शिकवायला. त्यांनी 'सर' म्हणून विचारलंय. "बन्सी सर येतील का?" हे त्यांचे शब्द आहेत.

मामा, तुमच्याशिवाय हे झालं नसतं. फोनवर सांगितलं असतं तर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

तुमची,
गौतमी

मामी, शब्द पाळ. राहूवाल्यांना जय भीम सांग.


शिरूर, १६ मार्च

माझी लेक गौतमी,

पत्र भारतनं लायनीवरच आणून दिलं. मला धीर निघंना, तिथंच उघडलं आन् वरडलो, "शून्य आलं! माझ्या गौतमीला शून्य आलं!"

मशिन थांबल्या. मिश्राजींनी टोपी काढली. दत्ताभाऊनं माझ्या खांद्यावर हात ठिवला, म्हणला, "बन्सी, खचू नको, पुढच्या वर्षी परत बसता येतं." मी त्याला समजावून सांगू लागलो, तर तो म्हणतो, "व्हय व्हय, बरोबर हाय तुझं," आन् पानी प्यायला दिलं.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. मामी रडतीय, आळीतल्या बायका तिच्याभवती. भागुबाई म्हणत हुती, "जाऊ दे गं, पोरीला घर संसार येतोय ते काय कमी हाय?" मी मधी उभा राहून पत्र मोठ्यानं वाचलं. कुणाला कायबी कळलं न्हाई. पर 'बन्सी सर येतील का' हे वाचलं तवा मामीनं डोळं पुसलं. म्हणली, "परत वाचा." तीनदा वाचाया लावलं. मग उठली, नवी इस्त्री काढली आन् माझा पांढरा शर्ट इस्त्री केला. गुरवारी येतो.

येताना पेढे आणतोय. इथं आळीत वाटून झाले, लायनीवर उद्या वाटतो. समदी इचारत्यात, "कशाचे?" मी सांगतो, "शून्याचे." येड्यागत बघत्यात. बघू देत.

तुला एक कवाच सांगितलं न्हाई. सातवीत मला गणितात शून्य पडलं हुतं. आबांनी पार घोडनदीच्या पुलापोतर मारत नेलं, आन् दुसऱ्या दिवशी शाळा सुटली ती सुटलीच. ते शून्य मी चाळीस वर्षं लपवून ठिवलं. काल रात्री पेढ्याचा पुडा आबांच्या फोटोपुढं ठिवला. म्हटलं, आबा, ह्या टायमाला मारू नका, आता आपल्या घरात दोन झाली.

तुझाच,
बन्सीमामा (सर)